न विचारता दिलेले उत्तर

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी पालक व माजी विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा पाठ)



या व्याख्यानमालेतील एक पुष्प मी गुंफावे असे संस्थेने ठरविले, तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा दिल्लीतील मराठीच्या भवितव्यावर बोलेन अशी बहुतेकांची अटकळ असणार. मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्या बाईंकडून दुसरे काय अपेक्षावे! प्रत्यक्षात मी विषय कळविला तो ‘प्रतिक्षिप्त क्रिया आणि त्यांचा वैद्यकातील अर्थ’. कार्यवाहांनी दोनदा दूरध्वनी करून खात्री करून घेतली. या विषयाकडे मला आणले ते आपल्या शाळेच्या मैदानाने. ते कसे, हे ओघात येईलच. मी वैद्य नाही. वाचून, आणि डॉक्टर झालेल्या आपल्याच काही विद्यार्थ्यांना विचारून जे समजले, तेवढेच सांगणार आहे.

आरंभ शब्दापासून करते, कारण ती माझी हद्द आहे. दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलाला या एका गोष्टीसाठी दोन शब्द भेटतात. हिंदी पाठ्यपुस्तकात ती ‘प्रतिवर्ती क्रिया’ असते, मराठीत ‘प्रतिक्षिप्त क्रिया’. प्रतिवर्ती म्हणजे परत फिरणारी. प्रतिक्षिप्त म्हणजे उलट फेकलेली. भिंतीवर चेंडू मारला की तो उलट येतो. भिंत विचार करीत नाही. मला आपला मराठी शब्द अधिक नेमका वाटतो. शास्त्राने हा शब्द घडविण्याच्या कितीतरी आधीपासून आपली भाषा या क्रिया टिपत आली आहे. डोळ्याचे पाते लवते, तोंडाला पाणी सुटते, ठसका लागतो, अंगावर काटा येतो, हातपाय गळतात. या वाक्यांची रचना पाहा. यांत ‘मी’ कर्ता नाही. मी पाणी सोडत नाही, ते सुटते. मी काटा आणत नाही, तो येतो. कर्तेपण आपल्याकडे नाही, हे भाषेला आधीच ठाऊक होते. उचकीचे तर आपण नातेच लावून टाकले आहे: उचकी लागली की कोणीतरी आठवण काढते आहे. तसे असेल तर या महोत्सवाच्या वर्षात आमच्या परदेशस्थ विद्यार्थ्यांचे फार हाल झाले असणार, कारण निमंत्रितांच्या याद्या करताना आम्ही रोज त्यांची आठवण काढीत होतो.

आता प्रत्येकाने एका पायावर दुसरा पाय टाकून सैल सोडावा. गुडघ्याच्या वाटीखाली एक बळकट पट्टा हाताला लागतो. त्यावर हलकी थाप मारली की पाय पुढे उडतो. थापेमुळे मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो. त्या ताणाची वर्दी चेतातंतूवाटे कमरेच्या भागातील मज्जारज्जूत जाते आणि तिथल्या तिथे, केवळ एका सांध्यावर, ती परतीच्या चेतेला सोपविली जाते. स्नायू आकुंचन पावतो. या साऱ्याला सुमारे २५ ते ३० सहस्रांश सेकंद लागतात. ठरवून पाय हलवायचा तर याच्या कितीतरी पट वेळ लागेल. मेंदूला घडलेली गोष्ट मागाहून कळते. एखाद्या मोठ्या साहेबाला खालच्या कचेरीतील निकाल दुसऱ्या दिवशी कळावा तशी.

विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी १८७५ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गुडघ्याच्या या उडीचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून एक छोटी हातोडी वैद्याच्या खिशात आली. पाय उडाला नाही, तर त्या वाटेवर कुठेतरी खंड आहे: चेता बिघडली असेल, मज्जारज्जूचा तो भाग दुखावला असेल. पाय वाजवीपेक्षा जोराने उडाला, तर वरून मेंदूचा जो अंकुश असतो तो सुटला असण्याची शक्यता. म्हणजे एका थापेने शरीराच्या आतील तारा तपासता येतात, तेही क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या २० वर्षे आधी. काही निरोगी माणसांचा पाय तपासताना उडत नाही. लक्ष गुडघ्यावर खिळल्याने ती अंग ताठ करून बसतात. त्यासाठी बुडापेस्टच्या येंद्रासिक या डॉक्टरांनी १८८५ मध्ये एक युक्ती सांगितली. रुग्णाला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढायला सांगायचे, आणि तेवढ्यात थाप मारायची. पाय उडतो. आजही प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात हे शिकविले जाते.

ही केवळ हातचलाखी नव्हे. रुग्णाच्या तोंडचे उत्तर भीतीने, संकोचाने, घरच्यांच्या दबावाने बदलते. गुडघ्याचे उत्तर बदलत नाही. माझ्या मते प्रतिक्षिप्त क्रियांचा वैद्यकातील अर्थ इथे आहे: ज्याचे म्हणणे ऐकले जात नाही, त्याच्या बाजूने त्या साक्ष देतात.

जोसेफ बाबिन्स्की यांची कथा या संदर्भात सांगण्याजोगी आहे. पोलिश आईवडिलांचा हा मुलगा पॅरिसमध्ये चेताविकारांचा वैद्य झाला. त्या काळी, १९व्या शतकाच्या अखेरीस, पॅरिसच्या रुग्णालयांत हातपाय लुळे पडलेल्या कितीतरी स्त्रिया येत. त्यांतील काहींचा मेंदू वा मज्जारज्जू खरोखर दुखावलेला असे, काहींचा आजार मनाचा असे. कोणाचा कुठला, हे ओळखणे अवघड. आणि ओळखता आले नाही की ‘ढोंग करते’ हा शिक्का सर्वांत स्वस्त. बाबिन्स्कींनी १८९६ मध्ये अगदी थोड्या ओळींचे एक टिपण वाचले. पायाच्या तळव्याच्या बाहेरच्या कडेने बोथट टोक फिरविले असता निरोगी प्रौढ माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणारा मार्ग दुखावला असेल तर अंगठा वर उचलला जातो. अंगठ्याला ढोंग जमत नाही. ज्या बाईचा अंगठा वर गेला, तिला खोटारडी म्हणण्याचा अधिकार त्या दिवशी संपला. अर्थात याचा उलटा अर्थ काढू नये. अंगठा खाली वळला म्हणजे आजार नाही, असे नव्हे. मनाचा आजारही आजारच.

घरात तान्हे बाळ असेल त्यांनी मात्र तळवा गुदगुल्या करून पाहिला आणि अंगठा वर गेला, तर घाबरू नये. मेंदूकडून पायाकडे जाणाऱ्या तंतूंवरचे वेष्टण जन्मतः पुरे झालेले नसते. बाळ उभे राहू लागते, चालू लागते, तोवर ते पुष्कळसे पुरे होते आणि अंगठा खाली वळू लागतो. जे सहा महिन्यांच्या बाळात निरोगीपणाचे लक्षण, तेच साठीच्या आजोबांत आजाराचे.

साक्षीची सर्वांत कठोर वेळ अतिदक्षता विभागात येते. अपघातात डोक्याला जबर मार लागलेला तरुण श्वासयंत्रावर असतो. छाती वरखाली होते, अंग उबदार असते, नाडी लागते. तो आहे की नाही, हे आईने कसे ओळखावे? आपल्या देशाने याचे उत्तर मस्तिष्कस्तंभाच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या, प्रतिक्षिप्त क्रियांवर सोपविले आहे. डोळ्यात प्रकाश टाकला असता बाहुली आकसते का. बुबुळाला कापसाचे टोक लावले तर पापणी मिटते का. कानात थंड पाणी सोडले तर डोळे हलतात का. घशाला स्पर्श केला तर उमाळा, श्वासनलिकेत नळी फिरविली तर खोकला येतो का. आणि शेवटी, श्वासयंत्र काही मिनिटे बाजूला करून रक्तात कर्बवायू वाढू दिला तर शरीर आपण होऊन एक तरी श्वास घेते का. चार डॉक्टरांचे मंडळ या चाचण्या दोनदा करते, किमान सहा तासांच्या अंतराने. एकही उत्तर आले नाही, तरच मृत्यू घोषित होतो. हा मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. तो संसदेने केला तो गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केल्यावर, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी आपल्या दिल्लीत, एम्समध्ये, डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या चमूने भारतातील पहिले यशस्वी हृदय-प्रत्यारोपण केले.

यातील एक बाब प्रत्येक कुटुंबाला आधी ठाऊक असावी, म्हणून सांगते. मेंदूचा देठ पूर्ण मृत झाल्यावरही मज्जारज्जू काही काळ जिवंत असू शकतो. त्यामुळे कधी बोटे हलतात, गुडघा उडतो, क्वचित हात छातीवर येतो. उशाशी बसलेल्या माणसाला वाटते, ‘त्याने ओळखले!’ तो क्षण भयंकर असतो. हालचाल खरी असते, पण ती खालच्या कचेरीतून आलेली असते. वर कोणी उरलेले नसते. कोणती साक्ष कोणत्या प्रश्नाची आहे, हे कळणे म्हणूनच महत्त्वाचे. अशा वेळी नातेवाइकांना हे शांतपणे, त्यांच्या भाषेत समजावून सांगणारे कोणी जवळ हवे. आमच्या एका विद्यार्थिनीने, जी आज अशा विभागात परिचारिका आहे, मला सांगितले की तिच्या कामातला सर्वांत अवघड भाग तोच आहे.

एम्सपासून उत्तरेकडे, दिल्ली विद्यापीठाच्या आवारात वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट आहे. आपल्यापैकी अनेकांनी तिथे दम्याच्या रांगेत वेळ काढला असेल. त्याच इमारतीत एका प्रतिक्षिप्त क्रियेच्या अभ्यासासाठी एका माणसाने आयुष्य वेचले. डॉ. अवतारसिंग पेंटल यांचा जन्म १९२५ चा, ब्रह्मदेशातला. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले, एडिंबरोला संशोधन करून परतले, आणि १९६४ पासून सुमारे पाव शतक या संस्थेचे संचालक राहिले. छातीतून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस या चेतेत हजारो तंतू असतात. त्यांतला एकच तंतू सोडवून त्याची एकट्याची कुजबुज ऐकणे, हे त्यांचे कसब होते. दोरखंडातून एक सुताचा धागा न तुटता काढावा, तसे ते काम. अशा धाग्यांमागोमाग जात त्यांनी १९५५ च्या सुमारास फुफ्फुसातील एका नव्या संवेदनग्राहीचा शोध लावला. वायुकोशांच्या भिंतीत, रक्ताच्या केशवाहिन्यांना लागून ते असतात, म्हणून पुढे त्यांचे नाव ‘जे-ग्राही’ पडले.

हे ग्राही काय करतात? फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत रक्ताचा दाब वाढून भोवतीच्या पेशींच्या फटीत पाणी झिरपू लागले, की ते जागे होतात. हृदय दुबळे झाले असता असे होते, अतिउंच पर्वतावर होते, आणि पेंटल यांच्या मते जोरकस व्यायामातही काही अंशी होते. जागे झाले की ते श्वास जलद आणि उथळ करतात. एवढ्यावर ते थांबत नाहीत. मांजरांवरील प्रयोगांत असे दिसले की, हे ग्राही उत्तेजित केले असता पायांच्या स्नायूंचे प्रतिसाद मंदावतात. गुडघ्याची ती उडीसुद्धा दबते. यावरील एक निबंध देशपांडे आणि देवानंदन या दोघांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केला. (देशपांडे हे आडनाव त्यात वाचून माझी मान उगाचच ताठ झाली, हे मान्य करते.) पेंटल यांनी यातून मांडलेला विचार असा: फुफ्फुसावर अतिभार आला की शरीर स्वतःच पायांची शक्ती काढून घेते, जेणेकरून माणूस थांबावा. माणसाच्या बाबतीत स्नायूंवरील हा परिणाम किती, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. पण धाप लागणे आणि हातपाय गळणे या दोन गोष्टींना एकत्र बांधणारी एक वाट शरीरात असू शकते, हे दिल्लीतल्या या प्रयोगशाळेने जगाला दाखविले. १९८१ मध्ये पेंटल रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. शास्त्रज्ञांच्या लबाड्या उघड करण्यासाठी १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज’ या संस्थेच्या उभारणीतही ते अग्रभागी होते. एकेका तंतूची खरी साक्ष ऐकण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला खोटी साक्ष सहन न होणे स्वाभाविकच.

आता मैदानाकडे येते.

दिवाळीनंतरची दिल्ली आपण जाणताच. सकाळी प्रार्थनेला उभे राहावे तर समोरचा ध्वजस्तंभ धूसर दिसतो. हवेचा निर्देशांक ४०० च्या पुढे गेला की सरकारी भाषेत ती ‘गंभीर’ होते, आणि शाळांचे मैदानावरील तास बंद होतात. पण २५० किंवा ३०० असतो तेव्हा काय? तेव्हा मुले धावतात. क्रीडास्पर्धा जवळ आलेल्या असतात. दोन वर्षांपूर्वी आठवीतला एक मुलगा ८०० मीटरच्या सरावात दुसऱ्या फेरीला थांबला आणि कडेला बसला. मुलांनी ‘नौटंकी’ म्हटले. न्यायला आलेल्या त्याच्या काकांनीही ते हसत उचलून धरले: अभ्यासात आळस, धावण्यातही आळस. आमच्या क्रीडाशिक्षकांनी मात्र दोन गोष्टी पाहिल्या होत्या. श्वास सोडताना त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि थांबल्यानंतरही खोकला पंधरा मिनिटे टिकला. त्यांनी पालकांना बोलावून घेतले. तपासणीत दमा निघाला. त्याची आई मला म्हणाली, “बाई, तो रात्री खोकतो ते आम्हाला ठाऊक होतं. आम्हाला वाटलं, दिल्लीत सगळेच खोकतात.”

त्या वाक्यावर मी फार विचार केला आहे. खोकला हीसुद्धा प्रतिक्षिप्त क्रिया, आणि किती सुरेख! श्वासमार्गाच्या अस्तराला काही टोचले की खोल श्वास घेतला जातो, कंठद्वार मिटते, छातीत दाब साठतो, आणि दार एकदम उघडून हवा बाहेर फेकली जाते. घराची राखण करणारा तो रखवालदार आहे. आपण मात्र त्याच्या ओरडण्याने झोपमोड होते म्हणून त्याचेच तोंड बांधतो. खोकल्याच्या औषधाची बाटली मराठी घरात मेतकुटाच्या बरणीइतकी नेमाने असते. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट कळविले आहे की, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती साधारणपणे सुचविली जात नाहीत. आपल्या बालवाडीच्या पालकांनी हे घरातल्या आजी-आजोबांपर्यंत पोहोचवावे. मोठ्या मुलाचा खोकला आठवड्यामागून आठवडे टिकतो, रात्री वाढतो किंवा धावल्यावर येतो, तर तो औषधाच्या दुकानदाराला नव्हे, डॉक्टरांना सांगायचा असतो.

थांबलेल्या प्रत्येक मुलामागे दमा असतो, किंवा पेंटल यांचे जे-ग्राही असतात, असे मी म्हणत नाही. काही मुले कंटाळून बसतात. मीही शाळेत असताना कवायतीच्या तासाला पोट दुखते असे सांगण्यात तरबेज होते. पण कंटाळलेल्या मुलाला पाच मिनिटे बसू दिल्याने कोणाचे काय बिघडते? उलट ज्याचे शरीर थांबते आहे, त्याला पुढे ढकलण्याची किंमत मोठी असू शकते. ‘दम धर’ हा आपल्या भाषेतला सुंदर शब्दप्रयोग आहे. तो धीर देण्यासाठी आहे, धाप लागलेल्या मुलाला हाकण्यासाठी नाही.

इनहेलरविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. पालक तो लपवितात. मुलाच्या, विशेषतः मुलीच्या, दप्तरात तो दिसू नये म्हणून रुमालात गुंडाळून देतात. ‘त्याची सवय लागते’ हे मी या कार्यालयात अनेकदा ऐकले आहे. डॉक्टरांना विचारले असता ते सांगतात की, ती सवय नव्हे. औषध थेट फुफ्फुसात, थोड्या मात्रेत पोहोचविण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे. चष्मा लावणाऱ्या मुलाला आपण सवय लागेल म्हणून चष्मा काढायला लावीत नाही. तो आठवीतला मुलगा आता दहावीत आहे. इनहेलर त्याच्या खिशात असतो, आणि तो कबड्डी खेळतो. चढाईला जाताना ‘कबड्डी, कबड्डी’ हा त्याचा दम बराच वेळ टिकतो, असे त्याचे सवंगडी सांगतात.

या सत्रापासून शाळेने तीन गोष्टी ठरविल्या आहेत. मैदानावर थांबलेल्या विद्यार्थ्याला पाच मिनिटे कोणीही कारण विचारणार नाही. क्रीडाशिक्षक फक्त त्याच्याजवळ उभे राहून श्वासाकडे लक्ष देतील. ज्यांच्याकडे इनहेलर आहे त्यांच्यासाठी, पालकांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह दिलेला एक जादा इनहेलर नाव घालून कार्यालयात ठेवला जाईल. आणि प्रवेशपत्रासोबत एक नवीन पान जोडले आहे. त्यात रात्रीचा खोकला, धावल्यावरचा खोकला, श्वास सोडताना येणारा आवाज, घरात कोणाला दमा आहे का, एवढेच रकाने आहेत. ते भरायला घरातले दिवे मालवून निजलेल्या मुलाशेजारी दहा मिनिटे बसावे लागेल. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी तीन डॉक्टरांनी ही पाने वाचून देण्याचे मान्य केले आहे.

पानांचे गठ्ठे सभागृहाच्या डाव्या दाराशी, पुस्तकविक्रीच्या टेबलावर ठेवले आहेत. चहा घेण्याआधी ती न्यावीत. चहानंतर गर्दी होते.